मुका कॉर्नेट

पुढचे दात पडल्यापासून रखमाजीला कॉर्नेट फुंकता येत नव्हता. दोन वर्षं तो सुदुंबऱ्याच्या बँडमध्ये वाद्य नुसतं ओठांना लावून, बटणं दाबत चालत होता. हे सोंग आता त्याला पेलवत नव्हतं. कुरवंडे गावात भर उन्हातून नवरदेवाला मांडवात पोचवलं आणि तो गेनूमास्तरांपाशी मटकन बसला.

"मास्तर, मला काढा. दोन वर्सं मी वाजवतच न्हाई."

"ठावं हाय, रखमाभाऊ."

"मग ठिवलं कशापायी?"

मास्तरांनी पलीकडं पेंगत बसलेल्या कोंडूकडं पाहिलं. बँडमधला दुसरा कॉर्नेट तो वाजवायचा.

"त्याला एकबी गाणं पाठ न्हाई. बटणांवर तुमची बोटं कशी पडत्यात, ते बघूनच त्यो वाजवतो."