वेदनेचा चौथा हिस्सा

कुमुदताईंनी सुनेच्या पोटावरची गरम पाण्याची पिशवी उचलली आणि शेजारी विव्हळणाऱ्या मुलाच्या पोटावर ठेवली.

"आई गं! आतून कुणीतरी पिळून काढतंय," तेजस ओरडला. त्याच्या मनगटावर पट्टा होता, तसाच इरावतीच्याही. इरावतीला एंडोमेट्रिओसिस, म्हणजे पाळीत असह्य कळा आणणारा गर्भाशयाचा आजार होता. त्या कळा थांबवणारी गोळी चालू असली की दिवस राहत नाहीत. म्हणून मूल हवं असलेल्या जोडप्यांना डॉक्टर हल्ली हे पट्टे देत. बायकोच्या कळांचा चौथा हिस्सा नवऱ्याकडे जाई, तिच्या तेवढ्याच कमी होत. एकदा बांधला की पाळी संपेपर्यंत पट्टा निघत नसे.

लग्न झाल्यापासून इरावती याच कळा सोसत पोळ्या लाटत आली होती. तिने ओटा धरून श्वास घेतला, की कुमुदताई म्हणत, "ओवा चाव नि कामाला लाग. आम्हाला काय पाळ्या आल्या नाहीत?" तिच्या गोळ्या त्यांनीच कचऱ्यात टाकल्या होत्या. त्यांना नातू हवा होता.

आज त्या स्वतः गोळी नि पाण्याचा पेला घेऊन आल्या.

"घे बाई. नातवाचं पुढे बघू. तेजसला नाही गं सोसवत."

"मला सोसवत होतं?"

"तुझं वेगळं. तुला सवय आहे."

इरावती उठून बसली. तिने आधी तेजसच्या पोटावरची पिशवी काढून आपल्या पोटावर घेतली. मग गोळी सासूच्या हातात परत ठेवली.

"मूल मलाही हवंय, आई. त्याला ओवा द्या. होईल सवय."