आबांची भिंत

"या घरात वेळेवर एक पाना सापडेल तर शपथ," असं बायकोने सुनावलं आणि आबांनी मनावर घेतलं. गाडीच्या शेडच्या पत्र्याच्या भिंतीला त्यांनी पट्ट्या बसवल्या, हुक लावले आणि माळ्यावर, पलंगाखाली, पोत्यात पडलेली सगळी हत्यारं ओळीने टांगली. प्रत्येकाभोवती खडूने रेघही ओढली, म्हणजे कोणी काही नेलं तर लगेच कळावं.

भिंत अशी देखणी दिसू लागली की आबांनी कौतुकाने शेजाऱ्यांना चहाला बोलावलं.

शेजारचे मास्तर करवतीपाशी थबकले. "अहो, ही माझी. मी समजत होतो, हरवली." समोरच्या वहिनींनी ड्रिल मशीन ओळखलं. मग काय, जो तो भिंतीपुढे उभा राहून आपापलं शोधू लागला. आबा "असेल, असेल" म्हणत कसनुसं हसत राहिले.

मंडळी गेली तेव्हा भिंतीवर खडूच्या रेघा उरल्या होत्या आणि एकच हातोडी. आबांनी ती काढून छातीशी धरली. "ही मात्र माझी. ही कोणाला ओळखता आली नाही."

कपबश्या गोळा करता करता बायको म्हणाली,



"ती आधी आत ठेवा. उद्या माझे वडील यायचेत."