चार बोटं हवा

काच वर.

"मान खाली घाल," नर्मदाबाई म्हणाली.

पुजाची मान खाली गेली, डावीकडं झुकली, पुन्हा वर आली. बारा वर्षांत त्या मानेनं कुणाचंच ऐकलं नव्हतं.

जीप डोंगरकडा गावात एका लिंबाखाली उभी होती. समोर मुलाचं घर. मोठ्या लेकीसाठी, प्रियदर्शनीसाठी, घर बघायला आले होते. तिचा आज नर्सिंगचा पेपर, त्यामुळं धाकट्या दोघींपाशी घरी थांबायला कुणी नव्हतं. आणि या घराला लेक एकच ठाऊक होती.

"असलं घराण्यातच हाय म्हनतील," तिचा नवरा तातेराव शर्ट ताणत पुटपुटला आणि उतरला.

नर्मदाबाई दाराशी वाकली. "दिपे, हिचं तोंड पुसत राह्य. कुनी इचारलं तर बोलायचं न्हाई. सुपारी फुटेस्तोवर."

"गरम झालं तर?"

"चार बोटं काच खाली कर. जास्त न्हाई."

काचा काळ्या होत्या. आतून आईची पाठ हिरवी दिसत होती.

काच चार बोटं खाली.

सहा वर्षांच्या दिपाची चार बोटं म्हणजे कितीशी. तिनं ती फटीत आडवी घालून मापली. हवा काही येईना.

ड्रायव्हर शंकरसिंग बाहेर उकिडवा बसला होता. तो त्यांच्या गावाशेजारच्या तांड्यावरचा. तो उठला, आपला जाड पंजा काचेवर ठेवला.

"माझी चार लाव."

"आई रागावंल."

"कुनाची बोटं ते कुठं सांगितलं तुझ्या आईनं?"

दिपा हसली. पुजाही हसली, म्हणजे तिचा घशातला आवाज निघाला. मग पुजानं काचेच्या हँडलकडं हात नेला. तिची बोटं हँडलवर मिटली नाहीत. हात घसरला.

"तुला न्हाई येत," दिपा म्हणाली. "थांब."

काच पूर्ण खाली.

कारण पुजाचे ओठ पांढरे पडले होते, आणि दिपाला दुसरं काही सुचलं नाही.

त्याच वेळी मुलाची आई ड्रायव्हरसाठी पोह्यांची ताटली घेऊन बाहेर आली. मागोमाग नर्मदाबाई, कपाळावर ताजं कुंकू. तिच्या मागं तातेराव.

"आगं बया! ह्या कोन?"

लिंबावरचा कावळा उडाला.

"ड्रायव्हरच्या हायेत," नर्मदाबाई म्हणाली. "थोरलीला दवाखान्यात दाखवायचं व्हतं. म्हनून संगं घेतल्या."

मुलाची आई शंकरसिंगवर घसरली. "काय ओ, बाप हाव का कोन हाव? पोरगी घामानं निथळून राहिली न् तुमी खुशाल सावलीत! सोताचं लेकरू ना ते?"

शंकरसिंगनं तातेरावकडं पाहिलं. तातेराव जीपच्या टायरकडं पाहत होता.

"व्हय बाई," शंकरसिंग म्हणाला. "चुकलं."

ती आत जाऊन तांब्या घेऊन आली. दार उघडून पुजाशेजारी बसली. एक हात मानेमागं, अंगठा कानाखाली, हनुवटी किंचित खाली. पुजा पाणी प्याली. एक थेंब सांडला नाही. असं पाणी पाजणं शिकायला नर्मदाबाईला दोन वर्षं लागली होती.

मुलाच्या आईनं पदरानं पुजाचं तोंड पुसलं. मग दिपाकडं वळली. "न् तुझं नाव काय गं?"

दिपानं आईकडं पाहिलं.

"दिपा."

"पुरं सांग की."

"दिपा शंकरसिंग."

"हुशार हाय," मुलाची आई म्हणाली.

काच अर्धी.

गाडी परतीला लागली. तातेराव फोनवर होता. "जमलं, जमलं. बुधवारी सुपारी. मानसं लई चांगली हायेत."

"आई, मी बराबर बोलले ना?"

"व्हय."

"मंग बुधवारी खरं सांगायचं?"

नर्मदाबाई बाहेर बघत राहिली. "लगीन लागू दे आधी."

"मंग?"

"मंग ताईला एक लेकरू होऊ दे. धडधाकट. मंग सांगू."

"लग्नात आमी कुठं बसायचं?"

तातेरावनं फोन खिशात ठेवला.

"वहिनी," शंकरसिंग आरशात न बघता म्हणाला, "त्या बाईला मान धरता येती. कुनाची तरी धरली असंल तिनं."

"म्हायती हाय मला."

"अजून बी माघारी फिरवतो गाडी. दोन किलोमीटर बी झालं नसंल."

नर्मदाबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. नवऱ्यानं समोर पाहिलं.

"म्होरं बघून चालवा," ती म्हणाली.

वारंगा फाटा आला. चहाची दुकानं, उभे ट्रक, एसटीची वाट बघणारी माणसं. जीप हळू झाली तशी दोन-चार जणं जागा आहे का बघायला खिडकीशी वाकली.

कुणी काही सांगितलं नव्हतं.

पुजाचा हात हँडलकडं गेला. घसरला. पुन्हा गेला. या वेळी तिनं बोटं वापरलीच नाहीत. मनगट हँडलखाली अडकवलं आणि खांद्यानं रेटलं. काच एक बोट वर सरकली. दिपा मदतीला वाकली, तर पुजानं तिला कोपरानं मागं लोटलं. अजून एक बोट. मान इकडं-तिकडं जात होती, पण मनगट सुटलं नाही.

चार बोटं उरली, तरी ती थांबली नाही.