पहिलं नको

"नको बया," कडूबाई म्हणाली. "मला म्हातारीला कशाला? द्या एखाद्या तरण्या पोरीला."

एवढं बोलून तिनं पदर सावरला आणि खाली बघितलं. खुर्चीच्या टोकावर ती नुसती टेकली होती. टेबलापलीकडं जर्मनीहून आलेला साहेब. त्याच्या बाजूला, याचं त्याला नि त्याचं याला सांगायला, ऑफिसातली निकिता मॅडम. पॅकिंगच्या कंत्राटी बायांतून एकीला कायम करून सुपरवायझर नेमायचं होतं. पहिली हाक कडूबाईला. सुप्याच्या त्या अख्ख्या कारखान्यात तिच्यासारखा हात कुणाचा चालत नव्हता. जीभ तर कुणाचीच नाही.

नोकरी तिला हवी होती. लई हवी होती. बाकी सगळ्यांचं कंत्राट महिनाअखेरीला संपणार होतं. मग परत पाथर्डीकडं, आणि दसरा झाला की लेकाच्या टोळीबरोबर ऊस तोडायला. गुडघे आता वाकत नव्हते. सुनेनं आताच सांगून ठेवलं होतं, "आत्याबाई, ज्याला मोळी उचलंना, त्याला भाकरी थापायला मला वेळ न्हाई."

तरीपण एका बोलात हो म्हणायचं म्हणजे मागून घेतल्यासारखंच. देणाऱ्यानं आग्रह करावा. घेणाऱ्यानं दोनदा नको म्हणावं. तिसऱ्यांदा, "आता तुमीच म्हणताय तर," म्हणून हळूच मान डोलवावी. बऱ्या घरची माणसं अशीच घेतात. पहिल्या हाकेला ताट पुढं करतात ती हावरी. साहेब परका, त्याला काय कळणार! पण निकिता इकडचीच, सावेडीची. तिला ही रीत ठाऊक होती.

कडूबाईला ते पक्कं माहीत होतं. ही पोरगी नवी आली तेव्हा पहिल्याच दिवशी डबा विसरली होती. कँटीन बंद होतं. कडूबाईनं भाकरी-ठेचा पुढं केला. पोरगी रीतीनं म्हणाली, "नको मावशी, असू द्या." डोळे मात्र भाकरीवर. कालची पोर, पँट घातलेली, आपल्यावर साहेबीण होऊन आलेली! कडूबाईला लहर आली. "नको म्हंजी नको," म्हणत तिनं डब्याला झाकण लावलं. बाया हसून हसून वाकल्या. चार वाजता निकिताला चक्कर आली, तेव्हा तर त्यांना आणखीच हसू आलं.

मागच्या महिन्यात तिनं परदेशी साहेबलोकांचा वर्ग घेतला. इकडची माणसं कशी बोलतात, तिकडची कशी. कडूबाई दारातून डोकावून म्हणाली होती, "बोलायचं शिकिवतीय व्हय? आता जेवायचंबी शिकीव!"

आता केबिनमध्ये निकितानं तिचं 'नको' साहेबाला सांगितलं. साहेबानं भुवया चढवल्या. त्यानं काहीतरी विचारलं. निकिता थोडक्यात बोलली. साहेब पुढं वाकला, कडूबाईकडं बघून हसला, आणि पुन्हा काही बोलला. निकितानं परत तेवढंच उत्तर दिलं. पगाराचं ठरत असेल, कडूबाईला वाटलं. ती अंग चोरून बसून राहिली. साहेबानं शेवटी छातीवर हात ठेवून लांबलचक काही म्हटलं. "आता तुमीच म्हणताय तर" एवढं कडूबाईच्या अगदी जिभेवर आलं होतं.

निकिता त्यालाही तेवढंच बोलली आणि कडूबाईकडं वळली. "झालं, मावशी. या तुम्ही. जाताना चांगुणाला पाठवा."

चांगुणाही पॅकिंगचीच, राजूरकडची. डोंगरातली, मुकी-मुकी, पण खाऊ पुढं केला की पहिल्या खेपेलाच घेणारी. कडूबाई तिला चारचौघींत हावरी म्हणायची. चांगुणा आत गेली. काचेतून सगळं दिसत होतं, उघड्या दारातून ऐकूही येत होतं. साहेबानं विचारलं, निकितानं मराठीत सांगितलं, आणि मॅडमचं बोलणं पुरं व्हायच्या आत चांगुणा म्हणाली, "व्हय. करीन की." साहेब उठला. त्यानं तिचा हात हातात घेतला.

निकिता बाहेर आली तेव्हा कडूबाई दाराशीच उभी होती.

"असं कसं गं बाई? एकदा नको म्हनलं तर लगीच दुसरीला? त्यानं परत इचारलंच न्हाई. गोऱ्या मानसाला कुठली कळायची आपली रीत!"

"कळते की. वर्गात मीच शिकवली," निकिता म्हणाली. "तीनदा विचारलं त्यांनी, मावशी. पोटतिडकीनं विचारलं."

"मग मला का न्हाई सांगितलं?" कडूबाईनं विचारलं. निकिता शांतपणे, कडूबाईच्याच हेलात म्हणाली, "तिन्ही डाव मीच सांगितलं, मावशींचं नको म्हंजी नको."