रडण्यापुरता करंट

चितेभोवती फिरताना दामूअण्णांच्या खांद्यावरचं मडकं जराही हलत नव्हतं. मेंदूत बसवलेल्या तारांनी त्यांचा कंपवात थांबवला होता. पण बायको गेली तरी डोळ्यांत पाण्याचा टिपूस नव्हता.

"डॉक्टर, बाबांना एकदा रडू द्या हो," मुलगी म्हणाली.

तारांचा मनावर काय परिणाम होतो, ते पाहणं डॉ. खोतांचं काम. त्यांनी विचारलं, "अण्णा, कमी करू?"

"करा."

खोतांनी मोबाइलवरून करंट उतरवला. अण्णांनी हंबरडा फोडला. हात लटपटले आणि फेरे पुरे होण्याआधीच मडकं पडून फुटलं.

"वाढवा! सोसवत नाही!"

खोतांनी वाढवला. मग नेहमीप्रमाणे विचारलं, "आता कसं वाटतंय?"

"छान," अण्णा म्हणाले. "दुसरं मडकं आणा. ऊन वाढतंय."