ढोलीतली हाक

गेल्या हिवाळ्यात फोटो नीट यावा म्हणून माझ्या मित्राने घुबडाच्या ढोलीसमोरची फांदी छाटली. उघडी पडलेली पिल्लं कावळ्यांनी नेली.

आज पहाटे आम्ही पुन्हा त्याच झाडाखाली होतो. मादीला बाहेर काढायला त्याने मोबाइलवर त्याच पिल्लांचं तेव्हा रेकॉर्ड केलेलं ओरडणं लावलं.

"अरे, लाज बाळग थोडी," मी म्हणालो.

"गप रे. आई आहे ती, येणारच."

ढोलीतून आवाज आला, "बाबा, थंडी वाजतेय."

त्याच्या लेकीचा आवाज. तिला तर तो घरी झोपलेली सोडून आला होता.

तेवढ्यात त्याच्या बायकोचा फोन आला. "अहो, छोटी अंथरुणात नाहीये!"

फोन टाकून तो झाडावर चढू लागला.

वरून, अगदी त्याच्याच आवाजात, कुणीतरी म्हणालं, "बाप आहे तो, येणारच."