नकाशा हिरवा झाला

"मामा, लाइन बंद केली आहे. आता चढा," ऑपरेटर फोनवर म्हणाली.

"अर्थिंग लावतो आणि फुटलेला इन्सुलेटर बदलतो. माझी खूण लावलीस ना?"

"लावली."

लाइनमन तिचा सख्खा मामा नव्हता. कंट्रोल रूममधले झाडून सगळे त्याला मामाच म्हणत. तिने पडद्यावरच्या नकाशात त्या लाइनच्या तुकड्यावर लाल खूण ठेवली होती: माणूस कामावर आहे. खूण असेपर्यंत त्या लाइनमध्ये वीज सोडायची नाही, माणसाने नाही आणि यंत्रानेही नाही.

आज खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. भिंतभर पडद्यासमोर पाहुणे दाटीवाटीने उभे होते आणि मोठे साहेब स्वतः पुढच्या टेबलाशी बसले होते.

"पूर्वी वीज गेली की बिघाड शोधत खांबाखांबाने हिंडायला लागायचं," ते सांगत होते. "आता हे जाळं बिघाड आपलं आपण ओळखतं आणि दुसऱ्या वाटेने वीज फिरवतं. कुणी कुणाला फोन करायला नको. बघा."

त्यांनी मुद्दाम एक लाइन बंद पाडली. नकाशाचा अर्धा भाग करडा झाला. क्षणभर काहीच घडलं नाही. मग एकेक तुकडा हिरवा होत गेला. कोपऱ्यापर्यंत सगळा नकाशा हिरवागार झाला आणि टाळ्यांचा कडकडाट उठला.

ऑपरेटरही टाळ्या वाजवत होती. सगळा नकाशा हिरवा. अगदी सगळा.

तिचे हात हवेतच थांबले.

"साहेब," ती म्हणाली. "मामाची खूण कुठे आहे?"

"कुठली? ती लाल?" साहेबांनी हसतच मान वळवली. "जुनी राहून गेली असेल म्हणून मघाशी मीच काढली. तिच्यामुळे डेमो अडत..."



तिने मामाचा नंबर लावला. रिंग वाजत राहिली. मग एका अनोळखी बाईने फोन उचलला.

"हे खांबावरचे तुमचे का हो? फोन खाली पडला होता. वर पोचतात तोच एकदम जाळ झाला. ते पट्ट्याला लोंबकळतायत, काही बोलत नाहीत. आमच्या ह्यांनी शिडी आणली आहे..."

"हात लावू नका. कुणीच लावू नका. लाइन चालू आहे."

"अहो, पण माणूस मरेल तो!"

"मी बंद करते. मी सांगेपर्यंत खांबाला शिवायचं नाही. तुमच्या ह्यांना धरून ठेवा."

फोन कानाशी दाबून तिने साहेबांना खुर्चीसकट बाजूला ढकललं. यंत्राचा ताबा स्वतःकडे घेतला आणि लाइन दोन्ही बाजूंनी तोडायला सांगितलं. पडद्यावर प्रश्न उमटला: या भागातील सर्व ग्राहकांचा पुरवठा खंडित होईल. नक्की?

तिने बटण दाबलं. नकाशाला मोठं करडं भोक पडलं.

"हाही डेमोचाच भाग का?" मागून एका पाहुण्याने विचारलं. 

तिने खूण पुन्हा लावली. मग फोनवर म्हणाली, "आता जा. लाइन मेली आहे. सावकाश उतरवा. अँब्युलन्स पाठवते."

तिने खुणेनेच साहेबांना दुसरा फोन दाखवला. त्यांनी तो उचलला. अँब्युलन्सला पत्ता सांगताना त्यांची जीभ दोनदा अडखळली.

तिच्या कानात शिडी घासल्याचा आवाज आला. कुणी तरी ओरडलं, "कमरेला धर, कमरेला!" मग बराच वेळ नुसती धापा टाकणारी माणसं ऐकू येत होती.

"हात पार भाजलाय हो," बाई म्हणाली. तिला रडू फुटलं होतं. "पण श्वास आहे. डोळे उघडलेत त्यांनी. अजून वरच आहेत, पट्टा सोडवतायत."

ऑपरेटरने डोळे मिटून घेतले.

तोवर तक्रारींचे फोन सुरू झाले होते. एकामागून एक टेबलावरचे फोन वाजायला लागले. पाहुणे एकमेकांकडे बघत भिंतीशी सरकले होते. साहेब रिसीव्हर तसाच हातात धरून उभे होते. शेवटी तिनेच शेजारचा फोन उचलून दुसऱ्या कानाला लावला.

"काय चाललंय काय?" पलीकडचा माणूस खेकसला. "स्मार्ट झालात ना तुम्ही? लाइट कधी येणार?"

"माणूस खाली उतरला की," ती म्हणाली.